जुन्या ट्रॅक्टरचा क्लच, पीटीओ शाफ्ट आणि मागचा आख: घरच्या दुरुस्तीची सुरुवात

गोव्यातल्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. रडगाणं असतं ते इंजिनाच्या मागे. क्लच घसरतो, रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलला की शाफ्ट खडखडतो, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल झिरपतं. आपल्याकडे असं होण्याला कारण आहे. चिखलणीला ट्रॅक्टर चिखलपाण्यात उतरतो, खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातलं, पाणी तर खारं. त्यात कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, लहान. घाटावर लांबच लांब पट्ट्यात नांगरणारा ट्रॅक्टर अवजार क्वचित उचलतो. इथे चार पावलं गेली की मेर, म्हणजे बांध, येते, उचल, वळव, टेक. त्या प्रत्येक उचलण्याला पीटीओचा (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या शाफ्टचा) क्रॉस, म्हणजे सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा, झिजतो आणि प्रत्येक वळणाला क्लच.

म्हणून नवीन माणसाला मी पहिली गोष्ट सांगतो: झिजलेला भाग बदलणं अर्धंच काम. तो कशाने झिजला हे सापडलं नाही तर नवा भागही पुढच्या चिखलणीपर्यंत त्याच वाटेने जातो.

कधी हात घालायचा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नाही. तेव्हा सगळा गाव मेकॅनिकच्या दारात असतो आणि पाऊस डोक्यावर. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कामं सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो तो खरा दुरुस्तीचा. लेथवाला मोकळा असतो, दुकानदार नीट बोलतो, आणि चिखलणीत कुठून तेल गळलं, कुठे आवाज आला हे चालवणाऱ्याच्या अजून लक्षात असतं. ते त्याच्याकडून आधी लिहून घ्या.

जागा

जमीन सपाट आणि कडक हवी, शक्यतो कोबा केलेली. अवजार खाली टेकवा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलून झालं की वजन स्टँडवर किंवा आडव्या रचलेल्या जाड लाकडी ओंडक्यांवर घ्या.

आपल्याकडे हाताशी चिरे असतात, आणि चार चिरे रचून त्यावर ट्रॅक्टर ठेवायची सवय मी जागोजाग बघतो. ती सोडा. चिरा भिंतीत पसरलेलं वजन घेतो. एका टोकावर लोखंडाचा भार आला की न सांगता फुटतो. ट्रॅक्टरच्या खाली माणूस असताना तो फुटायला नको.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या वेगावर म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. खांद्यावरचा पंचा, सैल बाही, लुंगीचं टोक यांपैकी काहीही त्यात अडकलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर क्रॉस घ्यायला जाल तेव्हाच नवं कव्हरही घेऊन या.

पाना उचलण्याआधी कान द्या

इंजिनाची ताकद फ्लायव्हीलवरून (इंजिनाच्या मागचं जड चाक) क्लच प्लेटला, तिथून गिअरबॉक्सला, मग क्राउन-पिनियनवरून (ताकद आडवी वळवणारी गिअरची जोडी) डिफरेन्शियलला (वळताना दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि आखातून चाकाला जाते. पीटीओची फांदी वेगळी. आवाज या वाटेवर कुठे आहे ते ट्रॅक्टर न उघडताही बरंचसं कळतं.

गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगकडे, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगकडे, बघा. उलट, पेडल मोकळं असताना घरघर आणि दाबलं की गप्प, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर. सरळ जाताना शांत आणि वळताना टकटक, तर डिफरेन्शियलच्या आतले लहान गिअर. ओढताना एक सूर आणि उतारावर इंजिन रोखत असताना दुसराच, तर क्राउन-पिनियन. रोटाव्हेटर जमिनीत असताना ठीक आणि उचलल्यावर थरथर, तर तो पीटीओ शाफ्टचा क्रॉस. उचलल्यावर शाफ्टचा कोन वाढतो आणि सैल क्रॉस तिथेच बोलायला लागतो.

क्लच घसरतोय का, याची परीक्षा मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना करा. दोन्ही ब्रेक पेडलं एकमेकांना खिटीने जोडा, ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि मध्यम रेसवर क्लच सावकाश सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. मजेत फिरत राहिलं तर घसरते आहे, लगेच क्लच दाबा. ही परीक्षा एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

प्लेट गेली असा निकाल देण्याआधी पेडलचं मोकळं अंतर मोजा. पेडल हाताने दाबत जा. जोर लागायला सुरुवात होईपर्यंत ते जेवढं खाली जातं ते मोकळं अंतर. बऱ्याच जुन्या मॉडेलना ते इंचाच्या आसपास लागतं, नेमका आकडा त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. प्लेट झिजत जाते तसं हे अंतर कमी होतं, आणि संपलं की रिलीज बेअरिंग सतत टेकून राहतं: प्लेट घसरते, बेअरिंगही जळतं. नुसती पेडलची जोडदांडी जुळवून अंतर परत आणल्यावर क्लच सुधारला, असं कितीदा तरी होतं. चिखलणीत पेडलवर पाय ठेवून बसणारा चालक असेल तर मात्र दांडी नाही, चालक सुधारावा लागतो.

आणखी एक दुखणं आपल्या दमट हवेचं. जुलैत चिखलणी झाली, ट्रॅक्टर मांगराखाली (शेतातल्या छपराखाली) उभा राहिला, आणि दोन महिन्यांनी गिअरच पडत नाही. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन चांगलं तापू द्या, मग बंद करा. ट्रॅक्टर मोकळ्या मैदानात, पुढे-मागे कोणी नाही असं बघून, पेडल पूर्ण दाबा, ब्रेक दाबा, वरचा गिअर टाका आणि स्टार्टर क्षणभर मारा. बहुतेकदा टक् आवाज होऊन प्लेट सुटते. दोन-चार झटक्यांत नाही सुटली तर हट्ट नको, स्टार्टर जळेल. पुढच्या वेळी ट्रॅक्टर उभा करताना पेडल दाबून आकड्याला (हुकाला) अडकवा. आकडा नसेल तर लाकडी टेकू लावा.

तेल काय सांगतं

ट्रॅक्टर रात्रभर हलवू नका. सकाळी गिअरबॉक्सचा खालचा प्लग पूर्ण न काढता एक-दोन आटे ढिला करा आणि खाली स्वच्छ पांढरी वाटी धरा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असेल तर आधी तेच येतं. दुधाळ, चहासारखं तेल आलं तर पाणी तेलात घोटलं गेलंय. असं तेल बेअरिंगला वाचवत नाही.

प्लगला चुंबक असेल तर त्यावरची काळी मऊ लापशी बोटांत चोळा. मऊच लागली तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण, पातळ पत्र्यासारखे तुकडे किंवा दाताचा टवका मिळाला तर ट्रॅक्टर चालवू नका, वरचं झाकण उघडून बघावंच लागेल.

मग शोधा ब्रीदर. गिअरबॉक्सच्या किंवा मागच्या हाउसिंगच्या वर एक छोटी टोपी असते, तिच्यातून आतली हवा श्वास घेते. चिखलाने ती बुजली की तापलेल्या पेटीत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. तीच गरम पेटी गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. सील तीनदा बदलूनही गळती थांबत नाही अशा ट्रॅक्टरचा ब्रीदर मी आधी काढतो. डिझेलमध्ये धुवायचा, फुंकून बघायचा, परत लावायचा. पैसा लागत नाही.

पीटीओ शाफ्टचा क्रॉस

नवशिक्याने सुरुवात इथून करावी. भाग बाहेर असतो, काम टेबलावर होतं.

शाफ्ट ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर दोन्हीकडून सोडवा. दोन नळ्या एकमेकींतून ओढण्याआधी दोन्हींवर रंगाने सरळ रेघ मारा. दोन्ही टोकांचे आतले काटे (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असावे लागतात. जोडताना दात सरकवून बसवले तर सगळं नवं असूनही शाफ्ट थरथरतो.

क्रॉसच्या चारही टोकांवरच्या टोप्यांभोवतीची माती तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर सर्क्लिप (टोपी अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) दिसतच नाही. गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सर्क्लिप पक्कडीने दाबून काढा, डोळ्यांवर चष्मा असू द्या, उडते ती थेट तोंडावर. मग काटा वाइसमध्ये: एका बाजूला टोपीपेक्षा लहान गोटी (सॉकेट), दुसऱ्या बाजूला टोपी आत मावेल अशी मोठी गोटी, आणि वाइस आवळत जा. लहान गोटी आत ढकलते, पलीकडची टोपी मोठ्या गोटीत बाहेर येते. वाइस नसेल तर हातोडी चालते, पण घाव काट्याच्या कानावर नको, गोटीवर हवेत.

आता जुना क्रॉस उन्हात नेऊन बघा. टोकांवर टोपीतल्या सुयांच्या (बारीक रोलरच्या) रेघा खोदल्यासारख्या उमटल्या असतील तर ग्रीस पोचलंच नव्हतं. लाल-तपकिरी भुकटी निघाली तर पाणी गेलं होतं. चारपैकी एकच टोक खाल्लं असेल तर त्या टोकाची ग्रीसची वाट बुजलेली होती. पुढे काय सांभाळायचं ते या तुकड्यातच लिहिलेलं असतं, म्हणून तो लगेच भंगारात टाकू नका.

काट्याचं भोक तपासा. नवी टोपी हलक्या ठोक्याने बसायला हवी. बोटाने सरकत आत गेली तर काटा संपला. अशा वेळी भोकात पंचाने टवके मारून टोपी घट्ट करायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्याने टोपी वाकडी बसते आणि आठवड्याभरात निघते. काटा बदला.

नव्या क्रॉसच्या टोप्या उघडा, सुया सगळ्या उभ्या आहेत का बघा, आत ग्रीस लावा म्हणजे त्या पडणार नाहीत. क्रॉस काट्यात घालताना ग्रीसचा निप्पल अशा बाजूला ठेवा की शाफ्ट ट्रॅक्टरवर असताना ग्रीस गन तिथे पोचेल. हे विसरलात तर त्या क्रॉसला आयुष्यभर ग्रीस मिळत नाही. एक टोपी अर्धी बसवा, क्रॉसचं टोक तिच्यात सरकवा, मग समोरची. टोपी शेवटपर्यंत जात नसेल आणि सर्क्लिप खाचेत बसत नसेल तर जोर करू नका, एखादी सुई आडवी पडली आहे. काढा, सरळ करा, परत घाला.

चारही सर्क्लिपा खाचेत पक्क्या बसल्या की काट्याला हातोडीने हलका टोला द्या, आवळलेली टोपी जराशी सुटते. सांधा हाताने सगळीकडे फिरला पाहिजे, पण खडखडायला नको. ग्रीस गन मारा, चारही टोप्यांकडून ग्रीस डोकावेपर्यंत.

यानंतर लांबी. शाफ्टच्या दोन नळ्या कामाच्या स्थितीत किमान एक तृतीयांश एकमेकींत हव्यात, आणि सर्वांत जवळ येतात त्या स्थितीतही आत इंचभर जागा शिल्लक हवी. जागा नसेल तर उचलताना शाफ्ट पीटीओलाच आत ढकलतो आणि तिथलं बेअरिंग जातं. रोटाव्हेटर बदलला आणि शाफ्ट जुनाच वापरला की ही चूक हमखास दिसते.

चालवताना मेर आली, रोटाव्हेटर पूर्ण उचलायचा आहे, तर आधी पीटीओ सोडा. कंटाळा येतो हे खरं. निदान थोडाच उचलून वळा. क्रॉसला रोज आठेक तासांच्या कामामागे एकदा ग्रीस, आणि खाजनात काम असेल तर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवून लगेच, म्हणजे आत शिरलेलं खारं पाणी बाहेर ढकललं जाईल.

मोरड, म्हणजे उंचावरच्या, जमिनीत दगड लागून रोटाव्हेटरच्या जोडणीतला शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घातलात तर पुढच्या दगडाला बोल्टऐवजी रोटाव्हेटरचा किंवा पीटीओचा गिअर तुटेल.

मागच्या आखाचं सील

रिमच्या आतून तेलाचा ओघळ दिसतो, कधी ब्रेक धरेनासा होतो. चाक काढण्याआधी टायरमध्ये पाणी भरलंय का विचारा. पाणी भरलेलं मागचं चाक एकट्याने सावरायचं धाडस करू नका, अंगावर आलं तर माणूस दबतो. केज व्हील (चिखलात लावतात ते लोखंडी पट्ट्यांचं चाक) असेल तर ते आधी उतरवा.

तेल काढा, हाउसिंगचे बोल्ट सोडा, आख सरळ बाहेर ओढा. मॉडेलप्रमाणे रचना बदलते, पण पुढची गोष्ट सगळीकडे सारखी: सील जिथे आखावर घासतं ती जागा चिंधीने पुसा आणि तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, आणि नवं सीलही गळणारच. लेथवर त्या जागी पातळ बाही बसवून घ्या, किंवा जागा असेल तर नवं सील दोनेक मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकेल.

सीलचा स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या बाजूला. ओठाला ग्रीस लावा. सपाट लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोका. आख परत घालताना त्याच्या दातांवर प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा. हे दात सुरीसारखे असतात आणि नवा ओठ आत जातानाच कापतात. बेअरिंग उघडं आलंच आहे तर धुवून, वाळवून, हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर सीलबरोबर तेही बदला. केज व्हील जितकं रुंद, तितका या बेअरिंगवर भार जास्त.

क्लचसाठी ट्रॅक्टर दोन भागांत

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरना वेगळी चॅसी नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स हाच सांगाडा. म्हणून प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. पहिल्या वेळी हे काम केलेला माणूस सोबत असल्याशिवाय करू नका.

पुढचा आख मधल्या पिनवर झुलतो. ट्रॅक्टर सुटला की इंजिन एका बाजूला कलंडतं. म्हणून सर्वांत आधी पुढच्या आखावर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकून तो झुलणं बंद करा. मग बॅटरी, डिझेलची नळी, वायरिंग, स्टिअरिंगची दांडी, हायड्रॉलिकच्या नळ्या. गिअरबॉक्स स्टँडवर पक्का, इंजिनाखाली चाकांचा जॅक, आणि पुढचा भाग सरळ पुढे ढकला.

प्लेट काढण्याआधी तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे होती त्यावर खूण करा. रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पातळीला आली असतील तर प्लेट बदला. तेलाने भिजलेली असेल तर धुवून परत लावू नका. तेल इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलं की गिअरबॉक्सच्या, ते आधी ठरवा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घ्या. एवढं उघडलंच आहे तर रिलीज आणि पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मध्यात शाफ्टचं टोक धरणारं) दोन्ही नवीच घाला. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये बुडवू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं.

प्लेट मधोमध बसवायला जुना गिअरबॉक्स शाफ्ट किंवा लाकडी दांडा घाला. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबणारी) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा, आणि तिच्या बोटांची, म्हणजे रिलीज बेअरिंग दाबतं त्या पट्ट्यांची, उंची सारखी करा. गिअरबॉक्स शाफ्टच्या दातांवर ग्रीस नुसतं पुसल्याइतकं. मग ट्रॅक्टर जोडताना शेवटची बोटभर फट राहते आणि मिटत नाही. इथेच लोक बोल्ट आवळून ती मिटवतात आणि प्लेटचा मधला भाग तडकतो. फ्लायव्हील हाताने किंचित फिरवा, दात जुळले की फट आपोआप मिटते.

काही ट्रॅक्टरना डबल क्लच असतो, अर्धं पेडल चाकांसाठी, पूर्ण पेडल पीटीओसाठी. त्याची जुळवणी वेगळी, ती माहीतगाराकडूनच.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यातून आत गळलेलं तेल बाहेर येतं आणि तुम्हाला सील गेल्याचं कळतं. चिखलणीत उतरण्याआधी ते प्लगने बंद करायचं, आणि चिखलणी संपली की प्लग काढायचा. प्लग वर्षभर तसाच राहिला तर आत साठलेलं तेल एक दिवस प्लेटवर येतं.

सुटे भाग आणि लेथ

जुना भाग सोबत घेऊन जा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो: शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजे ६२०५ असेल तर २५. हा हिशेब ०४ पासून पुढे लागू. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. म्हापसा, फोंडा, मडगावात चालू भाग मिळतात. जुन्या मॉडेलच्या गिअरसाठी चोर्ला घाट चढून बेळगाव, नाहीतर कोल्हापूरचं उद्यमनगर. खाणीच्या ट्रकांवर हात बसलेले टर्नर डिचोली, साखळी, कुडचडे भागात अजून आहेत. काटा, बाही, आख यांसाठी त्यांच्याकडे जा.

क्राउन-पिनियन घरी करू नका. ती जोडी एकत्र घासून जुळवलेली असते, एक बदलून दुसरी ठेवता येत नाही, आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून दातांचा ठसा बघत बसवावी लागते. त्या कामाचा खर्च ऐकल्यावर ट्रॅक्टरची बाजारातली किंमतही एकदा विचारून घ्या.

पहिला दिवस

तेल पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं भरा. काही ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, तिथे दुकानदार देईल ते जाड तेल चालत नाही. पाणी गेलेली पेटी असेल तर आधी स्वस्त तेल भरून तासभर हलकं चालवा, गरम असतानाच काढा, मग नवं भरा.

तासभर रिकामा फिरवून हाउसिंगला हात लावा: कोमट ठीक, हात ठेवता येत नाही इतकं गरम म्हणजे बेअरिंग जास्त आवळलंय. चाकाचे नट त्याच दिवशी परत आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. क्लचचं मोकळं अंतर पहिल्या आठवड्यात बदलतं, नवी प्लेट बसते. ते मोजून दांडी जुळवून घ्या.